लाइम रीजिसचा धक्का आणि चित्रपटाची दृष्टी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, लाइम रीजिस हे लहानसे गाव आहे. गावापुढे समुद्रात वळत गेलेला दगडी धक्का असून त्याला तेथे ‘कॉब’ म्हणतात. वादळापासून नौकांना आसरा मिळावा, या हेतूने तो मध्ययुगात बांधला गेला. पुढे जहाजे मोठी झाली, हे बंदर त्यांना अपुरे पडू लागले आणि व्यापार ओसरला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रस्नान आरोग्यकारक मानले जाऊ लागल्यामुळे गावाला उपजीविकेचे दुसरे साधन सापडले, ते पाहुण्यांचे. नौका व जाळी अर्थात राहिली. पण गाव तेव्हापासून दुपदरी झाले. चित्रपटाने या दोन पदरांपैकी कोणता उचलला, हा प्रश्न वरवर बाह्य वाटला तरी या कलाकृतींच्या गुणदोषांशी त्याचा निकट संबंध आहे.

कारेल राइझ यांच्या ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’ (१९८१) या चित्रपटाने कॉब जगभर पोहोचविला. काळ्या झग्यातील स्त्री धक्क्याच्या टोकाशी उभी आहे, लाटा उसळत आहेत, हाक ऐकून ती मागे वळून पाहते: हे दृश्य इतके गाजले की धक्का म्हणजे विरहिणीने उभे राहावयाची जागा, अशीच समजूत रूढ व्हावी. मात्र राइझ यांच्यावर भाबडेपणाचा आरोप करता येणार नाही. चित्रपटाच्या आरंभीच नटी हातातील आरशात रंगभूषा न्याहाळते, दृश्यक्रमांकाची पाटी वाजते, आणि मगच ती १८६७ सालच्या कथेत पाऊल टाकते. जॉन फाउल्स यांच्या १९६९ च्या कादंबरीतील आधुनिक निवेदकाचे काम हॅरॉल्ड पिंटर यांच्या पटकथेने चित्रीकरणासाठी आलेल्या नट-नटीच्या प्रेमप्रकरणाकडे सोपविले. या योजनेची चर्चा बहुधा रचनातंत्राच्या अंगाने होते. तिचा एक साधा अर्थ त्यात निसटतो. हे नट-नटीदेखील लाइमला आलेले पाहुणेच होत, आणि त्यांचे प्रेम मुक्कामापुरते आहे. गाव दोन्ही काळांत त्यांच्यामागे पडद्यासारखे टांगलेले राहते.

जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’मध्ये स्थिती वेगळी आहे. पाहुणे येतात ते हंगाम सरल्यावर, नोव्हेंबरात. करमणुकीची दालने बंद झाली आहेत आणि भाडेकरू निघून गेले आहेत. लुइझा धक्क्याच्या पायऱ्यांवरून उडी घेते व पडते, हा प्रसंग सर्वांच्या ध्यानात राहतो आणि रॉजर मिशेल यांच्या १९९५ च्या चित्रपटातही तोच कळस आहे. परंतु कादंबरीत याच गावी कॅप्टन हार्विल नावाचा जखमी नौदल अधिकारी आहे. त्याच्या अरुंद खोल्या त्याने स्वतःच्या सुतारकामाने राहण्याजोग्या केल्या आहेत, आणि दुसरे काही काम उरले नाही की तो कोपऱ्यात मोठे मासेमारीचे जाळे घेऊन बसतो. ऑस्टिनला हे एका ओळीत दिसले. पडद्यावरच्या लाइममध्ये त्या जाळ्याहून लाटेलाच मान अधिक.

जाळ्याला मध्यभागी आणणारा चित्रपट कॉर्नवॉलमध्ये निर्माण झाला. मार्क जेन्किन यांचा ‘बेट’ (२०१९), म्हणजे गळाला लावावयाचे आमिष, चावीच्या कॅमेऱ्याने सोळा मिलिमीटरच्या कृष्णधवल फितीवर टिपलेला, हाताने धुतलेला आणि मागाहून ध्वनी जोडलेला आहे. त्यातील कोळ्याजवळ नौका नाही. ती त्याचा भाऊ सहलींसाठी चालवितो. वडिलोपार्जित घर लंडनच्या कुटुंबाने विकत घेतले आहे, आणि जे दोर व साखळ्या कामाच्या होत्या त्या तेथे भिंतीची शोभा झाल्या आहेत. फितीवरील ओरखडे, गाठी मारणारी बोटे, जाळ्यातून सोडविलेला मासा यांवर कॅमेरा वारंवार परततो. मेहनतीला येथे रूपच मिळाले आहे. समुद्र मात्र कोठेही भव्य दिसत नाही.

या कसोटीला फ्रान्सिस ली यांचा लाइममध्येच घडणारा ‘अ‍ॅमोनाइट’ (२०२०) पूर्वार्धात चांगला उतरतो. जीवाश्म शोधणारी मेरी अ‍ॅनिंग (१७९९–१८४७) केट विन्स्लेट यांनी साकारली आहे. चिखलात रुतणारे बूट, फुटलेली नखे, दगड घासण्याचा आवाज आणि पाहुण्यांना विकण्यासाठी शिंपल्यांनी मढविलेल्या क्षुल्लक वस्तूंचे दुकान यांतून गावाचे दोन्ही पदर एकाच स्त्रीच्या हातांत आलेले दिसतात. घसरण होते ती शार्लट मर्चिसन हिच्या चित्रणात. ऐतिहासिक शार्लट अ‍ॅनिंगहून सुमारे अकरा वर्षांनी वडील होती. भूशास्त्राकडे पतीला वळविण्यात तिचा वाटा होता, आणि लाइमला मागे राहून तिने अ‍ॅनिंगबरोबर जीवाश्म शोधण्याचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले. चित्रपटाने तिला तरुण, खिन्न आणि समुद्रस्नानाचा उपचार सांगितलेली रुग्ण केले. दोन स्त्रियांमधील प्रेम कल्पिले, यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. कलेला तेवढी मोकळीक हवीच. आक्षेप आहे तो असा की त्या प्रेमासाठी एका अभ्यासक स्त्रीचे काम काढून घ्यावे लागले, आणि किनाऱ्यावर कुदळ घेऊन उतरलेली शार्लट हवापालटासाठी आलेली पाहुणी ठरली.