राजी, जोएल आणि आपला माणूस

गेल्या महिन्यात आम्ही रोह्याला बोलत होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला, धाटावच्या एका कारखान्यात नोकरीला आहे म्हणाला. त्याने विचारले, "सर, ज्याला जगाचे काही पडलेले नाही, जो फक्त स्वतःसाठी आणि आपल्या एकदोन माणसांसाठी लढतो, त्याला हीरो म्हणायचे का?" आम्ही लगेच कर्णाकडे वळलो. तो म्हणाला, "नाही सर, मी गेममधल्या हीरोबद्दल विचारतोय." सभागृह हसले, आम्हीही हसलो आणि वेळ मारून नेली. ते काही बरोबर झाले नाही. म्हणून आज पेणला तोच प्रश्न घेऊन उभे आहोत.

मधल्या महिन्यात नातवाला शेजारी बसवून आम्ही दोन खेळ पाहिले, थोडे खेळलो. वय ७४. पहिल्या तासात आम्ही किती वेळा मेलो ते विचारू नका. नातू शेवटी म्हणाला, "आजोबा, तुम्ही फक्त बघा आणि बोला." आयुष्यभर आम्ही तेच करत आलो, त्यामुळे जमले.

पहिला खेळ आपल्या जवळचा. 'राजी: अॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केलेला, २०२० साली आलेला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या उत्सवात असुर चाल करून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. असुरांशी लढायला देव राजीची निवड करतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते. गोष्ट सांगतात तेही दुर्गा आणि विष्णूच, आपापसात बोलत.

यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. देव बोलतात ते देव-दानवांच्या युद्धाबद्दल, सृष्टीबद्दल. राजीच्या मनात मात्र एकच नाव आहे. तिला कोणी विचारले, "बाई, धर्म राखायला निघालीस का?" तर ती म्हणेल, "भाऊ कुठे आहे ते सांगा." शिवाय ज्या दिवशी भावाने रक्षणाचा शब्द द्यायचा, त्याच दिवशी बहीण त्याला सोडवायला निघते. यावर कोणी व्याख्यान देत नाही, नुसते होते. हे चांगले आहे.

पण खेळ पुढे सरकला तसे आम्हाला काहीतरी खटकू लागले. भावाकडे जाणारा रस्ता आणि जग वाचवणारा रस्ता एकच आहे. प्रत्येक असुर मारला की गोलू एक पाऊल जवळ येतो आणि देवांचेही काम होते. म्हणजे राजीला काही सोडावे लागत नाही. तिची माया खरी असेल, पण तिला किंमत मोजावी लागलेली नाही. मग ती माया आहे, कर्तव्य आहे की हट्ट, हे आम्ही कशावरून ओळखायचे?

इथे पेणमध्ये विनोबांची आठवण न होणे कठीण. १८९५ साली ते याच तालुक्यात, गागोद्याला जन्मले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. (गीता सांगणारे पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे. म्हणजे हा प्रश्न रोहे आणि पेणच्या मधल्या रस्त्यावरच पडलेला होता म्हणायचा.) पहिल्याच अध्यायात विनोबा एका न्यायाधीशाचे उदाहरण देतात. पुष्कळांना फाशी सुनावलेला हा माणूस. एके दिवशी समोर स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून येतो, आणि याला एकदम फाशीच्या शिक्षेतली अमानुषता दिसू लागते. विनोबांचा रोख स्वच्छ आहे: अर्जुनाला हिंसेचे वावडे नव्हते, त्याला आपली माणसे आडवी आली. राजीचा खेळ तिला त्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवतच नाही.

आणखी एक उणीव. पेणेत मूर्ती कितीही सुबक असो, डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय ती पुरी होत नाही. गोलूची आखणीच झालेली नाही. त्याला काय आवडते, तो कशावर रुसतो, बहिणीला काय म्हणून चिडवतो, याचे जवळजवळ काही नाही. तो निमित्त आहे, माणूस नाही. खेळाचा शेवट अर्धवट वाटतो अशी तक्रार पुष्कळांनी केली. आमची तक्रार सुरुवातीची आहे.

दुसरा खेळ अमेरिकेतला, २०१३ सालचा, 'द लास्ट ऑफ अस'. बुरशीच्या साथीने जग मोडून पडले आहे. जोएल हा पन्नाशीचा माणूस, चोरटा माल पोचवून जगणारा, रोखठोक स्वार्थी. साथीच्या पहिल्याच रात्री त्याची मुलगी मारली गेली. वीस वर्षांनी त्याच्याकडे एली नावाची चौदा वर्षांची पोर पोचवायचे काम येते. तिला ही साथ बाधत नाही. प्रवासात ती त्याच्या मुलीच्या जागी येते. आणि शेवटी रुग्णालयात डॉक्टर म्हणतात, हिच्या मेंदूतून लस मिळू शकेल, पण शस्त्रक्रियेत ही जगणार नाही.

जोएल बंदूक उचलतो. इथे कादंबरी आणि खेळ यांतला फरक कळतो. कादंबरीत तुम्ही पान उलटता, इथे डॉक्टरला तुम्हालाच मारावे लागते. दुसरी वाटच ठेवलेली नाही. आम्ही नातवाला म्हटले, "थांब." तो म्हणाला, "थांबून काय करणार, आजोबा? पुढे जाताच येत नाही. आणि मी पण हेच केलं असतं."

हे ऐकून आम्ही रागवायला हवे होते. तत्त्वज्ञान शिकवताना फळ्यावर कितीदा लिहिले असेल: एक विरुद्ध अनेक. पण त्या खोलीत आमचे मन जोएलच्याच बाजूला होते. एलीला कोणी विचारलेच नव्हते, डॉक्टरांनीही नाही. तिला गुंगी देऊन टेबलावर घेतले होते. इथवर जोएलचा खटला आम्ही लढवू शकतो.

लढवता येत नाही तो त्यानंतरचा भाग. एली शुद्धीवर येते, विचारते. जोएल सांगतो की तुझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत, त्यांनी लस शोधणेच सोडून दिले. शेवटी ती म्हणते, शपथ घे. तो घेतो. खेळ तिथे संपतो. आमच्या मते निष्ठा आणि स्वार्थ यांची फारकत रुग्णालयात होत नाही, या शपथेत होते. तिचा जीव तिच्यासाठी वाचवला असता तर तिला खरे सांगता आले असते. ती आपल्याला सोडून जाईल या भीतीने तो खोटे बोलतो. गोळ्या झाडल्या त्या तिच्यासाठी असतील. शपथ मात्र त्याने स्वतःसाठी घेतली.

हे आम्ही इतक्या ठामपणे का म्हणतो, तेही सांगतो. एप्रिल २०२१. आमच्या सौ.चा ऑक्सिजन घसरत होता. जिथे नेले तिथे बेड नव्हता. बाकावर आमच्याआधी आलेले एक गृहस्थ होते, शेजारी त्यांची मुलगी फाइलने वारा घालत होती. आम्ही बाहेर येऊन एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो मोठ्या हुद्द्यावर आहे. अर्ध्या तासात आमचे नाव पुकारले. त्या मुलीने आमच्याकडे पाहिले, बोलली काही नाही. त्या गृहस्थांचे पुढे काय झाले याची आम्ही चौकशी केली नाही. मुद्दाम केली नाही. तो फोन आम्ही आजही करू. त्याबद्दल हात जोडून काही मागायला इथे उभे नाही.

पण बरे वाटल्यावर सौ.नी विचारले होते, "एवढ्या गर्दीत बेड मिळाला कसा हो?" आम्ही म्हटले, "नशीब." त्यांनी पुन्हा विचारले, "कोणाला फोनबिन केला नाहीत ना?" आम्ही म्हटले, "छे."

रोह्याच्या त्या मुलाला एवढेच सांगायचे आहे की राजीला हीरो म्हणायला आम्ही तयार आहोत, पण तिची परीक्षा अजून झालेली नाही. जोएलची झाली, आणि तो शेवटच्या प्रश्नाला बसला. आमची ही व्याख्याने ऑनलाइन जातात आणि आमच्या घरी ती नियमाने ऐकली जातात. हे व्याख्यान पुढच्या आठवड्यात येईल असे मंडळाचे कार्यवाह म्हणाले. तेव्हा आमच्याकडे आठ दिवस आहेत.