उपवर्गीकरणाचा निकाल वाचताना : छेद कुठून आणायचा?

चिखलीच्या एका मुलाने मला त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. विषय, अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण. पहिलंच वाक्य : ‘मातंग समाजाला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या मिळाल्या नाहीत.’ मी समासात लिहिलं, ‘कशावरून?’ तो चिडला. “दादा, आमच्या वस्तीत येऊन बघा ना!”

वस्तीत दिसतं ते खरंच असेल, पण प्रबंधात ते मोजून दाखवावं लागतं. आणि नेमकं इथेच १ ऑगस्ट २०२४ चा निकाल आपल्याला अर्ध्या वाटेवर सोडतो.

‘पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग’. सात न्यायमूर्ती, सहा विरुद्ध एक. २००४ चा चिन्नय्या निकाल मोडीत निघाला. अनुसूचित जाती हा एकजिनसी गट आहे, हे गृहीतक न्यायालयाने मोडलं. ते मला पूर्ण पटतं. न्या. बेला त्रिवेदी यांचं विरोधी मत मात्र ‘दलितांत फूट पडेल’ या मुद्द्यावर उभं नाही, ते कलम ३४१ वर उभं आहे : राष्ट्रपतींच्या यादीला राज्याने हात लावायचा नाही. विरोधी बाजू लिहिताना अनेक जण हीच गल्लत करतात.

माझी अडचण पुढची आहे. अपुरं प्रतिनिधित्व राज्याने आकडेवारीने सिद्ध करावं, असं तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांचं निकालपत्र सांगतं. नुसती डोकी मोजू नका, प्रतिनिधित्व परिणामकारक आहे का तेही बघा. छान. पण छेद कुठाय? राज्याच्या यादीत ५९ जाती. बौद्धांना १९९० पासून केंद्राच्या यादीतही जागा मिळाली, तरी जनगणनेत कुणी जात ‘महार’ सांगतो, कुणी नुसतं ‘बौद्ध’. एकाच घरातले दोन भाऊ दोन तऱ्हेने सांगतात! म्हणजे ज्या गटाने ‘जास्त घेतलं’ असा आरोप होतो, त्याचाच छेद डळमळीत. आरोप करणारे आणि तो खोडून काढणारे, दोघंही मग अंदाजानेच बोलतात.

दुसऱ्या टोकाला बघा. यादीत मांग-मातंग यांच्याच नोंदीत मदारी आणि गारुडीही आहेत. पालावरच्या गारुड्याचा हिस्सा मातंगांच्या बेरजेत बुडाला, तर न्याय झाला म्हणायचं का?

शिवाय बिंदुनामावली. समजा बुलढाण्यात एका संवर्गाच्या २३ जागा निघाल्या. १३ टक्क्यांनी अनुसूचित जातींना येतात तीन. त्या तीन जागा चार गटांत कशा वाटणार? तेलंगणाने २०२५ मध्ये तीन गट केले, १, ९ आणि ५ टक्के. एक टक्क्याचा गट म्हणजे शंभर जागांमागे एक. लहान भरतीत त्याची पाळी कधी यायची, यावर निकालाची पानं फारशी खर्च झालेली नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त न्या. अनंत बदर यांची समिती नेमली गेली, तिच्यापुढेही हेच गणित आहे.

मग आपण काय वाचायचं? जिल्हा जात पडताळणी समितीकडे येणाऱ्या अर्जांत नेमकी जात लिहिलेली असते. त्यातून लोकसंख्या कळत नाही, पण शिक्षण आणि नोकरीच्या दारापर्यंत कोण पोहोचलं ते कळतं. अंश तरी हाती लागतो.

त्या मुलाने पहिलं वाक्य खोडलं. आता तिथे प्रश्न आहे : ‘दहा वर्षांत कोणत्या जातींचे अर्ज आलेच नाहीत?’ माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, नावं नकोत, फक्त जातनिहाय संख्या. उत्तर अजून आलेलं नाही.