‘ब्लॅक बास’चे नामकरण आणि हेन्शॉलचा ग्रंथ

अमेरिकेतील नद्यांत व गोड्या पाण्याच्या सरोवरांत गळाने धरल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक बास’ या माशावर जेम्स हेन्शॉल या वैद्याने लिहिलेला ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा ग्रंथ १८८१ मध्ये सिनसिनाटी येथे प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ जितका मासेमारीचा, तितकाच नावांचाही आहे. काठी, गळ आणि आमिष यांच्या माहितीसाठी तो उघडणाऱ्या वाचकाला प्रथम शास्त्रीय नामांच्या एका दीर्घ वादातून वाट काढावी लागते. हा भाग कंटाळवाणा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ग्रंथाचे मर्मही तेथेच आहे.

वाद मुळातच विचित्र होता. १८०२ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने या माशांच्या दोन जाती वर्णिल्या. एका नमुन्याच्या पाठीवरील पराचा मागचा भाग तुटून सुटा झाला होता. तो सुटा तुकडा म्हणजे स्वतंत्र लहान परच होय, अशा समजुतीने त्याने ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे ‘लघुपर’, अशी प्रजाती कल्पिली. दुसऱ्या जातीचे वर्णन त्याने बोस्क याने कॅरोलिनाहून आणलेल्या टिपणांवरून केले. तिकडील लोक त्या माशाला ‘ट्राउट’ म्हणत. म्हणून त्याचे नाव झाले ‘साल्मॉइडिस’, म्हणजे सॅमनसारखा. वस्तुतः हा मासा ना ट्राउट, ना सॅमन. तो ‘सनफिश’ कुलातला. तथापि नामकरणशास्त्रात अग्रक्रमाला मान असल्यामुळे एक दुखावलेला पर आणि एक लोकप्रवाद ही दोन्ही नावे आजतागायत टिकून आहेत.

दक्षिणेकडील ‘ट्राउट’ किंवा व्हर्जिनियातील ‘चब’ ही लोकनामे हेन्शॉलच्या लेखी निव्वळ गोंधळ होत. येथे त्याच्याशी सहमत होणे कठीण आहे. विल्यम बार्ट्रम याचे प्रवासवर्णन १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लहान होडीत बसून हाच मासा धरण्याची रीत आली आहे: लांब काठीला जेमतेम वीतभर-दोन वीत दोरी, तिला पाठीला पाठ लावून बांधलेले तीन गळ, आणि त्यांना झाकणारा हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, तांबड्या फितीच्या चिंध्या व रंगीबेरंगी पिसे यांचा मुठीएवढा गोंडा. बार्ट्रम या माशाला ‘ट्राउट’च म्हणतो. तो वनस्पतिशास्त्राचा जाणकार होता. निरीक्षणात कच्चा नव्हता. फ्लोरिडाच्या उष्ण पाण्यात खरा ट्राउट नाही. मायदेशी त्या माशाला जे स्थान होते, म्हणजे झेप घेऊन आमिषावर येणारा, गळाला लागताच झुंजणारा, ते येथे रिकामे होते. वसाहतवाल्यांनी नाव दिले ते त्या स्थानाला. प्राणिशास्त्रज्ञ शरीररचनेवरून वर्गीकरण करतो, बोलणारा माणूस व्यवहारावरून करतो. दुसऱ्या वर्गीकरणाला पहिल्याचे निकष लावून चूक ठरविणे न्याय्य नव्हे.

शिवाय ज्या ‘बास’ नावाचा हेन्शॉल कैवार घेतो ते तरी कोठे मूळचे आहे? तोही युरोपातील काटेरी पराच्या माशांचा शब्द. जर्मन ‘बार्श’ हा त्याचाच भाऊबंद. अलिबाग-पेण भागातील जिताड्यालाही इंग्रजी पुस्तके ‘सी बास’च म्हणतात, आणि त्याचे या अमेरिकन माशाशी काहीही जवळचे नाते नाही. म्हणजे एक उसने नाव काढून दुसरे उसने नाव बसविण्यात आले, इतकेच.

हा अंतर्विरोध ग्रंथात इतरत्रही जाणवतो. लांबीच्या आणि वजनाच्या प्रमाणात पाहता बासइतका झुंजार मासा नाही, हे हेन्शॉलचे सर्वांत गाजलेले विधान. परंतु तुलनेत समोर उभे कोण? सॅमन आणि ट्राउट. लहान ओढे आटत चालले, ट्राउट घटत चालला, म्हणून पुढे बास अग्रस्थानी येणार, हे त्याचे भाकीतही ट्राउटच्या गादीवर वारस बसविण्याचेच आहे. नाव बदलले तरी न्यायासन ट्राउटचेच राहिले.

ही तुलना सुटते ती साहित्याच्या प्रकरणांत. जड, लांबलचक काठ्या टाकून सव्वाआठ फुटांची हलकी काठी हेन्शॉल पुढे आणतो. केंटकीतील घड्याळजींनी घडविलेल्या रिळांचे गुण तो नेमकेपणाने सांगतो. येथे त्याचे गद्य एकदम सुटसुटीत होते. विशेषणे गळतात, क्रियापदे पुढे येतात. मनगट कसे वळवावे, दोरी कधी सैल सोडावी, एवढाच प्रश्न उरतो. त्या गाजलेल्या विधानातील वक्तृत्वाची अपेक्षा बाळगणाऱ्याला हे रुक्ष वाटेल. परंतु या माशाची ओळख या पानांत स्वतःच्या पायांवर उभी राहते (माशाच्या बाबतीत हा वाक्प्रचार क्षम्य मानावा). त्याच्यासाठी घडलेली काठी ही नामकरणाहून अधिक खोल अशी नोंद ठरते.

जपानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९२५ मध्ये हा मासा तेथे आशी सरोवरात सोडण्यात आला. ‘सुझुकी’ हे समुद्री बासचे देशी नाव हाताशी असूनही ते त्याला उघडे दिले गेले नाही. ‘ओकुची’, म्हणजे मोठे तोंड, या देशी शब्दापुढे ‘बासु’ हा परका शब्द जोडला गेला. वसाहतवाल्यांनी परक्या माशाला घरचे नाव दिले. जपान्यांनी परक्या माशाचे परकेपण नावातच राखले. कारण तेथे तो एका तयार छंदाचा मासा म्हणून आला. २००९ मध्ये बिवा सरोवरात सापडलेल्या बासने जॉर्जियातील १९३२ च्या २२ पौंड ४ औंसांच्या विक्रमाची बरोबरी केली. त्याआधीच, २००५ मध्ये, उपद्रवी परक्या जिवांच्या जपानी कायद्याखालील यादीत हा मासा दाखल झाला होता, आणि तेथेही तो ‘ओकुचीबासु’ याच नावाने नोंदला आहे.