चौकट कोणाची? : लिंचिंगची छायाचित्रे आणि पाहण्याची जबाबदारी

छायाचित्र म्हणजे घटनेचा तटस्थ पुरावा, हे गृहीतक अमेरिकेतील लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने केलेल्या वंशद्वेषी हत्यांच्या, छायाचित्रांपुढे टिकत नाही. ७ ऑगस्ट १९३० रोजी इंडियाना राज्यातील मेरियन येथे जमावाने थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ या कृष्णवर्णीय तरुणांना तुरुंगातून ओढून काढले, ठार केले आणि झाडाला टांगले. लॉरेन्स बाइटलर या स्थानिक छायाचित्रकाराने टिपलेल्या त्या दृश्याच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. अशा छायाचित्रांची पोस्टकार्डेही निघत. तेव्हा छायाचित्र हे हिंसेची केवळ नोंद नव्हते. दहशत दूरवर पोचविणारा तो हिंसेचाच उत्तरभाग होता.

या चित्राकडे संहिता म्हणून पाहिले, तर मृतदेहांइतकाच खालचा जमाव अर्थपूर्ण ठरतो. कित्येक चेहरे कॅमेऱ्याकडे वळलेले आहेत. एकजण बोटाने मृतदेह दाखवितो आहे. तोंड लपविण्याची गरज कोणाला वाटलेली नाही. या निर्धास्तपणात न्यायव्यवस्थेविषयीची जमावाची खात्री उमटली आहे, आणि ती खरीही ठरली: या हत्यांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

जेम्स ॲलन यांच्या संग्रहातील अशी छायाचित्रे २००० साली न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाली आणि ‘विदाउट सँक्च्युअरी’ या ग्रंथातही आली. संदर्भ बदलला, तरी चौकट जुनीच राहिली. आजचा प्रेक्षक उभा राहतो तो कॅमेऱ्याच्याच जागी. जमाव ज्याच्याकडे पाहत होता, त्या जागी. केवळ करुणेने ही जागा बदलत नाही. केन गोन्झालेस-डे यांनी आपल्या चित्रमालिकेत अशा छायाचित्रांतून मृतदेह आणि दोर पुसून टाकले. त्यामुळे नजर जमावावर खिळते. परंतु बळी पुन्हा एकदा अदृश्य होतो, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या पेचात १९५५ चे एक उदाहरण निर्णायक ठरते. मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाल्यावर त्याची आई मेमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवली आणि मुलाच्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात छापू दिले. येथेही छिन्न देहच दिसतो. परंतु तो दाखविण्याचा अधिकार मारेकऱ्यांकडून शोककर्त्या आईकडे आला आहे. म्हणून अशा चित्रांच्या समीक्षेने पाहावे की पाहू नये, एवढ्यावर थांबू नये. हे दृश्य कोणी, कोणासाठी पाहण्याजोगे ठरविले, हे विचारल्याखेरीज त्यातील इतिहासाला सामोरे जाता येत नाही.