‘विल’ म्हणजे ‘-ईल’ काय?

इंग्रजीत भविष्यकाळाचे स्वतंत्र क्रियारूप नाही, ही गोष्ट येस्पर्सनपासून अनेक व्याकरणकारांनी मांडली आहे. ‘विल’चे मूळ इच्छिणे या अर्थाच्या क्रियापदात, तर ‘शॅल’चे देणे लागणे या अर्थाच्या. म्हणजे काळाची जागा तेथे इच्छा आणि बंधन यांनी व्यापली आहे. जॉन वॉलिसने १६५३ च्या आपल्या लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात प्रथमपुरुषी ‘शॅल’ भाकिताचे व ‘विल’ वचनाचे वा धमकीचे, आणि इतर पुरुषी नेमके उलट, असा नियम घातला. आपल्या शालेय तक्त्यांनी त्यातला पुरुषभेद तेवढा उचलला, अर्थभेद मात्र सोडून दिला.

या तक्त्याचा उपद्रव भाषांतरात होतो. ‘आय विल लीव्ह’, ‘आय ॲम गोइंग टू लीव्ह’ आणि ‘आय ॲम लीव्हिंग टुमॉरो’ या तिन्हींसाठी सरसकट ‘निघेन’ येते. वास्तविक मराठीजवळ ‘निघेन’, ‘निघणार आहे’ आणि ‘उद्या निघतो’ अशी तीन वेगळी रूपे आहेत. पहिल्यात आश्वासन किंवा संभव, दुसऱ्यात आधीच झालेला निश्चय, तिसऱ्यात ठरलेला बेत. (‘आलोच’ म्हणून भूतकाळी रूपाने भविष्य सांगणाऱ्या भाषेला दारिद्र्याची सबब शोभत नाही!) दारावर थाप पडताच इंग्रज ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतो, आपणही ‘पोस्टमन असेल’ असेच म्हणतो. येथे दोन्ही भाषांत भविष्य नाहीच, वर्तमानाविषयीचे अनुमान आहे. तेव्हा आपले ‘-ईल’देखील निव्वळ कालवाचक मानता येत नाही.

कादंबरीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. भूतकाळी निवेदनात ‘ही वुड नेव्हर रिटर्न’ असे वाक्य आले, तर ते पुढचे सारे जाणणाऱ्या निवेदकाचे भाकीत असू शकते किंवा पात्राच्या मनातला निर्धारही. भाषांतरकार ‘तो पुन्हा कधीच परतला नाही’ असे लिहितो तेव्हा निर्धार पुसला जातो. ‘परतायचे नाही असे त्याने ठरवले’ असे लिहितो तेव्हा भाकीत. दोहोंतही हा वाक्यार्थ कोणाच्या जाणिवेचा, हे ठरवण्याचे वाचकाचे काम भाषांतरकाराने परस्पर उरकलेले असते. ‘तो कधीच परतणार नव्हता’ या साध्या मराठी वाक्यात मात्र निवेदक आणि पात्र, दोघांचेही आवाज ऐकू येतात.