अवधचा अर्धा धडा

श्री. एस. जयशंकर यांनीं परराष्ट्रमंत्रिपदीं असतांना २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द इंडिया वे’ या ग्रंथाचा आरंभ अवधच्या दृष्टांतानें होतो. सरदार बुद्धिबळांत दंग राहिले नि कंपनीनें राज्य गिळलें; तेव्हां राष्ट्रानें गाफील राहूं नये, हा बोध. दृष्टांत चटकदार, पण बोध अपुरा. अवध खालसा झालें १८५६ सालीं. परंतु १८०१ च्या तहानेंच निम्मा मुलूख देऊन त्यानें आपलें रक्षण कंपनीच्या फौजेवर सोंपविलें होतें. पुढच्याच वर्षीं वसईस दुसऱ्या बाजीरावानेंही तीच वाट धरली. मग डोळ्यांत तेल घालून बसण्यानें काय साधणार? अमेरिका, चीन, रशिया यांच्याशीं निरनिराळें वागण्याचें ग्रंथकारांचें धोरण शहाणपणाचें आहे. मात्र शस्त्र परक्याचें असेल, तर तें शहाणपण किती दिवस टिकेल, हें वाचकानें स्वतःस विचारावें.