‘फिल्टरने मात केली’, पण कशावर?

शहरातल्या गच्चीवरून टिपलेले रोझेट तेजोमेघाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. सुंदर असतात, वादच नाही. माझा आक्षेप खालच्या ओळीला आहे: ‘फिल्टरने प्रकाशप्रदूषणावर मात केली.’

साधं गणित करून बघा. समजा, एका पिक्सेलवर दर फ्रेमला तेजोमेघाचा 1 फोटॉन येतो आणि आकाशाचे 100. आकाश वजा करता येतं, पण त्याचा नॉइज (101 चं वर्गमूळ, साधारण 10) तिथेच राहतो. सिग्नल नॉइजच्या दहापट हवा तर सुमारे 10,000 फ्रेम लागतील. हायड्रोजन-अल्फा फिल्टर 656.3 नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो. तेजोमेघाचा 1 फोटॉन तसाच राहून आकाश 5 वर आलं, की 600 फ्रेम पुरतात. इथपर्यंत दावा खरा.

आता कृत्तिका घ्या. तिथली धूळ स्वतः चमकत नाही, ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते. तो पांढऱ्या एलईडी दिव्यांसारखाच सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला असतो, त्यामुळे फिल्टर दोघांनाही कापतो. आकाश 5, पण धुळीचा फोटॉनही 0.05! हिशेब उलट बिघडला. प्रोजेक्टला कृत्तिका घेणार असाल, तर फिल्टरचे पैसे एसटीच्या तिकिटात घाला.